मदत हवी आहे: आजीच्या हातचे जुने अभ्रे आणि पलंगपोस, धुवावेत की तसेच ठेवावेत?

नमस्कार.

आईच्या पश्चात घरातले जुने कापड माझ्याकडे आले आहे. त्यात सुती पलंगपोस, रंगीत दोऱ्याने भरलेले उशांचे अभ्रे आणि क्रोशाच्या किनारीचा एक टेबलक्लॉथ आहे. बरेचसे भरतकाम आजीचे, रफू मात्र आईचे. दोघींचा टाका ओळखता येतो. वर्षानुवर्षे लोखंडी ट्रंकेत राहिल्यामुळे कापड पिवळे पडले आहे, घड्या विरल्या आहेत आणि काही ठिकाणी गंजाचे डाग पडले आहेत.

हा पिवळेपणा नुसता मळ नसतो, एवढे मला ठाऊक आहे. सुती धाग्यातील सेल्युलोजचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते, त्यातून आम्लता वाढते आणि ती धाग्याला आणखी कमकुवत करते, त्यामुळे ‘हात न लावता जपणे’ हेही खरे जपणे ठरत नाही. क्लोरीनचे ब्लीच मी वापरणार नाही, कारण त्याने धागा कुजतो आणि गंजही निघत नाही. सोडियम परकार्बोनेट हे क्लोरीनविरहित ब्लीच पांढऱ्या सुती कापडाला मानवते, परंतु पाण्यात त्यातून सुटणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडची लोहाशी गाठ पडली की डागाच्या जागी कापड झिजून भोक पडू शकते. म्हणजे गंज आधी काढायला हवा, आणि माझे घोडे नेमके इथेच अडले आहे. गंजावर सायट्रिक किंवा ऑक्झॅलिक आम्ल चालते, पण एका अभ्र्यावर गंजाचा डाग लाल भरतकामाला अगदी खेटून आहे. ओले पांढरे फडके त्या दोऱ्यावर दाबून पाहिले, तेव्हा फडक्यावर लाली उतरली. आम्ल केवळ डागापुरते लावून, रंग न पसरू देता ते पूर्ण धुऊन कसे काढावे?

दुसरा प्रश्न शाईचा आहे. त्याच अभ्र्याच्या कोपऱ्यात मामाने शाळेत असताना सांडलेल्या शाईचा फिकट डाग आहे, आणि आई तो पाहुण्यांनाही कौतुकाने दाखवत असे. तो मला काढायचा नाही. (आमच्या बहिणीच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, तिला सगळे लख्ख करून रोजच्या वापरात आणायचे आहे.) बाकीचा अभ्रा धुताना ही शाई जागच्या जागी राहील का, आणि ती तशीच राहू दिल्याने कापडाला काही अपाय होतो का?

साठवणीचे बरेचसे ठरले आहे: खळ पूर्ण काढायची, कारण कसर तिच्यावरच येते, प्लास्टिकच्या पिशव्या टाळायच्या, कारण त्यांत दमटपणा कोंडतो, आणि घडी न घालता आम्लमुक्त कागदासह नळीवर गुंडाळायचे. मात्र क्रोशाची किनार कापडापेक्षा जाड असल्याने टेबलक्लॉथ गुंडाळताना कडेला फुगतो आणि मध्ये चुण्या पडतात. त्यावर कोणी उपाय शोधला आहे का?

रंग सुटणाऱ्या दोऱ्याशेजारचा गंज ज्यांनी प्रत्यक्ष काढला आहे, त्यांनी आम्लाचे प्रमाण आणि ते किती वेळ ठेवले हे कृपया लिहावे. ड्रायक्लीनिंगचा सल्ला देऊ नये, ही विनंती; त्यातील द्रावकाने गंज विरघळत नाही.