२ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यास: अवयव हाती नसताना संख्या संयुक्त कशी ठरते?

प्रश्न

१४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ ही २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी एकवीस अंकी संख्या आहे. मेर्सेन यांनी १६४४ मध्ये ती मूळ संख्या म्हणून नोंदवली होती. ल्युकास यांनी १८७६ मध्ये ती संयुक्त असल्याचे सिद्ध केले, पण तिचे अवयव मिळाले ते १९०३ मध्ये, कोल यांच्याकडून. म्हणजे सत्तावीस वर्षे ही संख्या संयुक्त आहे हे माहीत होते आणि तिला कशाने निःशेष भाग जातो हे मात्र माहीत नव्हते. मी नववीला गणित शिकवते. १ आणि स्वतः ती संख्या यांखेरीज आणखी विभाजक असेल तर ती संयुक्त, अशी व्याख्या आम्ही फळ्यावर लिहितो. विभाजक दाखवता येत नसताना ती लागू कशी झाली?

प्रतिसाद १

प्रत्येक मूळ संख्येच्या अंगी असणारा एखादा गुण या संख्येत नाही, एवढे दाखवले तरी पुरते. फर्माच्या प्रमेयानुसार प ही विषम मूळ संख्या असेल, तर २ च्या (प वजा १) व्या घाताला प ने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी वेगळी आली की संख्या संयुक्त.

प्रतिसाद २

तत्त्व बरोबर आहे, पण नेमकी ही कसोटी २ घेऊन केली तर इथे उपयोगाची नाही. घातांक मूळ असलेली या प्रकारची प्रत्येक संख्या, मग ती संयुक्त का असेना, त्या कसोटीला उतरतेच. २०४७ म्हणजे २३ × ८९, तरीही बाकी १ च येते. ल्युकास यांनी वेगळी कसोटी वापरली, आणि तिला आजचे सुटसुटीत रूप पुढे लेहमर यांनी दिले. ४ पासून सुरुवात करावी, दर वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करावेत, आणि तपासायच्या संख्येने भागून उरलेली बाकी तेवढी पुढे न्यावी. १२७ साठी, म्हणजे घातांक ७ असताना, ४, १४, ६७, ४२, १११, ० असे आकडे येतात. घातांकापेक्षा एकने कमी क्रमांकाचा आकडा, इथे सहावा, शून्य आला म्हणून १२७ मूळ. २०४७ साठी घातांक ११ असल्याने दहावा आकडा पाहायचा: ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. तो शून्य नाही, म्हणून संख्या संयुक्त. आणि १७३६ कडे कितीही टक लावून पाहिले तरी त्यातून २३ किंवा ८९ दिसत नाहीत.

प्रतिसाद ३

अवयव शोधणे हे निराळे आणि फार कष्टाचे काम आहे, पण तिथेही सगळ्या संख्या चाळाव्या लागत नाहीत. या संख्येचा कोणताही मूळ विभाजक १३४ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या संख्यांपैकीच असतो, आणि त्याला ८ ने भागल्यास बाकी १ किंवा ७ उरते. कोल यांचे अवयव १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ असे आहेत. पहिला म्हणजे १३४ ची १४,४५,५८० पट अधिक १. आठाची अट लावून निम्म्या संख्या गाळल्या, तरी लहानात लहान विभाजकापर्यंत पोहोचायला सव्वासात लाखांच्या आसपास संख्या उरतात, आणि हे सगळे हाताने करायचे. ल्युकास यांच्या कसोटीला मात्र एकंदर ६५ वेळा वर्ग करून भागाकार करणे पुरते.

प्रश्नकर्ती

मनापासून आभार. काल रात्री १२७ चे उदाहरण वहीत करून पाहिले. १११ चा वर्ग १२,३२१, त्यातून २ गेले की १२,३१९, आणि ते बरोबर १२७ × ९७. कोल यांचा गुणाकारही अंकांच्या बेरजेने पडताळला: दोन्ही अवयवांच्या अंकांची बेरीज ३७ आणि ६४, म्हणजे नऊने भागल्यास बाकी १ आणि १, मूळच्या एकवीस अंकांची बेरीज १०९, बाकी तीच १. एवढ्याने गुणाकार बरोबरच आहे असे सिद्ध होत नाही, हे आता मुलांना याच धाग्यातल्या २०४७ च्या आधारे समजावता येईल. व्याख्या फळ्यावर आहे तशीच राहील. तिच्या शेजारी २०४७ चे दहा आकडे लिहीन.