ईपीपीपी परीक्षेची उजळणी: जवळच्या संकल्पना एकमेकींपासून वेगळ्या कशा ओळखाव्यात?

परीक्षार्थी

नमस्कार. पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. आणि त्यानंतर अमेरिकेत डॉक्टरेट पूर्ण करून मी आता न्यू जर्सीत परवान्यासाठी ईपीपीपी परीक्षेची तयारी करत आहे. ज्यांचा या परीक्षेशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अमेरिका आणि कॅनडातील बहुतेक राज्यांत व प्रांतांत मानसशास्त्रज्ञ म्हणून स्वतंत्रपणे काम करायचे असेल, तर ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. 4 तास 15 मिनिटांत 225 बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी 175 प्रश्नांचेच गुण धरले जातात. उरलेले 50 पुढील परीक्षांसाठी पडताळून पाहिले जात असतात आणि ते कोणते हे आपल्याला कळत नाही. निकाल 200 ते 800 या श्रेणीत लागतो आणि स्वतंत्र व्यवसायासाठी सर्वसाधारणपणे 500 गुण लागतात.

माझी अडचण अशी आहे की व्याख्या विचारली तर मला ती नीट सांगता येते, परंतु तीच संकल्पना एखाद्या रुग्णाच्या वर्णनात गुंफून आली की चारपैकी दोन पर्याय सारखेच बरोबर वाटू लागतात. ऋण प्रबलन की शिक्षा, स्किझोफ्रेनिफॉर्म की स्किझोअफेक्टिव्ह, चाचणीची सेन्सिटिव्हिटी की तिच्या होकारार्थी निष्कर्षाची विश्वासार्हता, गोपनीयता की प्रिव्हिलेज, अशा जोड्यांपाशी मी थबकते. टिपणे पुन्हा पुन्हा वाचून यात फारसा फरक पडलेला नाही. ज्यांनी ही परीक्षा दिली आहे त्यांनी मूलभूत संकल्पनांची उजळणी नेमकी कशी केली, आणि आठही विभागांना त्यांच्या गुणांच्या प्रमाणातच वेळ द्यावा का, हे कृपया सांगावे.

औदुंबर

आपली अडचण या परीक्षेच्या स्वरूपातूनच आलेली आहे, त्यामुळे ती आपल्या अभ्यासातील उणीव समजू नये. या परीक्षेत सुटी व्याख्या क्वचितच विचारली जाते. एकमेकींना लागून असलेल्या दोन संकल्पनांमधली सीमारेषा बहुतेक वेळा विचारली जाते. म्हणून उजळणीसुद्धा एकेका संकल्पनेची न करता जोडीजोडीने करावी, असे माझे ठाम मत आहे.

टिपणे पुन्हा वाचण्याबद्दल एक गोष्ट अभ्यासक्रमातच आहे. रोडिगर आणि कार्पिक यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, परंतु आठवड्यानंतर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात स्पष्टपणे जास्त राहिले होते. पुन्हा वाचल्यावर मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख म्हणजेच ज्ञान असा आपला समज होतो. त्यामुळे टिपण मिटवून कोऱ्या कागदावर दोन संकल्पना शेजारीशेजारी लिहाव्यात, त्यांना वेगळे करणारी एकच खूण शोधावी, आणि मग दोन्हींसाठी स्वतःचे एकेक उदाहरण रचावे.

साधक अभिसंधानात (परिणामांवरून वर्तन घडत जाण्यात) ही खूण शोधण्यासाठी दोन प्रश्न पुरतात: वर्तन वाढले (प्रबलन) की घटले (शिक्षा), आणि काही दिले गेले (धन) की काढून घेतले गेले (ऋण)? गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत वाजत राहणारा आवाज पट्टा लावताच थांबतो आणि पुढच्या वेळी आपण पट्टा लवकर लावतो. येथे वर्तन वाढले आणि नकोशी गोष्ट दूर झाली, म्हणून हे ऋण प्रबलन. मुलाने भावंडाला मारल्यावर त्याचा खेळण्याचा वेळ काढून घेतला आणि मारणे कमी झाले, तर ती ऋण शिक्षा. प्रसंग सुखद होता की दुःखद, यावरून उत्तर ठरवू लागलो की गोंधळ होतो. वर्तनाचे पुढे काय झाले एवढेच पाहावे. हीच कल्पना उपचारांच्या विभागातही येते. सक्तीने हात धुणाऱ्या व्यक्तीला धुतल्यावर चिंतेपासून क्षणभर सुटका मिळते आणि त्या सुटकेमुळेच धुणे टिकून राहते. मानसशास्त्रज्ञ मौररच्या द्विघटक सिद्धांतानुसार भीती अभिजात अभिसंधानाने (दोन गोष्टी एकत्र अनुभवल्याने जुळलेल्या संबंधाने) निर्माण होते, पण ती टाळण्याचे वर्तन ऋण प्रबलनाने टिकते. एक्स्पोजर उपचारात (भीतीच्या गोष्टीला सामोरे जाण्याच्या उपचारात) धुण्याची क्रिया रोखण्यावर इतका भर का असतो, हे यावरून आपोआप समजते आणि वेगळे पाठ करावे लागत नाही.

विलोपनाच्या (प्रबलन थांबल्याने वर्तन मावळण्याच्या) बाबतीतही अशीच एक जोडी आहे. प्रबलन थांबवल्यावर लगेच वर्तन काही काळ उसळी घेते, तो एक्स्टिंक्शन बर्स्ट. विलोपन पूर्ण झाल्यावर मध्ये काही काळ जाऊन वर्तन पुन्हा डोके वर काढते, ती स्पॉन्टेनियस रिकव्हरी. येथे दोन्हींना वेगळे करणारी खूण म्हणजे वेळ.

निदानाच्या विभागात तर काळाला फारच महत्त्व आहे. मनोविकृतीची (भ्रम, भास यांसारखी) लक्षणे एक दिवसापासून एक महिन्याच्या आत संपली तर ब्रीफ सायकॉटिक डिसऑर्डर, एक ते सहा महिने राहिली तर स्किझोफ्रेनिफॉर्म, आणि आजाराची चिन्हे किमान सहा महिने टिकली तर स्किझोफ्रेनिया. आघातानंतरची लक्षणे तीन दिवस ते एक महिना असतील तर अक्यूट स्ट्रेस डिसऑर्डर, त्याहून जास्त काळ राहिली तर पीटीएसडी (आघातोत्तर तणाव विकार). मात्र स्किझोअफेक्टिव्ह या क्रमात कोठेच बसत नाही, आणि आपण थबकता ते बहुधा याच कारणाने. तेथे प्रश्न मनःस्थितीशी असलेल्या नात्याचा आहे. आजाराच्या एकूण काळात बहुतांश वेळ नैराश्याचे किंवा उन्मादाचे भाग असतात, तरीही किमान दोन आठवडे भ्रम किंवा भास मनःस्थितीच्या कोणत्याही भागाविना दिसतात. भ्रम-भास फक्त नैराश्याच्या किंवा उन्मादाच्या काळातच आले आणि त्याबरोबरच गेले, तर ते मनोविकृतीच्या लक्षणांसह आलेले मनःस्थितीचे विकार होत. त्यामुळे रुग्णाचे वर्णन वाचताना आधी महिने मोजावेत आणि मग मनःस्थिती ठीक असतानाही भास होते का हे शोधावे.

उन्मादासाठी एक आठवडा आणि हायपोमेनियासाठी (सौम्य उन्मादासाठी) चार दिवस हे सर्वांना पाठ असते. पण मनोविकृतीची लक्षणे दिसली किंवा रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो भाग हायपोमेनिया ठरत नाही, हे प्रश्न वाचण्याच्या घाईत निसटते. आपल्या टिपणांत जुनी आवृत्ती असेल तर तीही बदलून घ्यावी. 2022 मध्ये आलेल्या डीएसएम-5-टीआर या निदानपुस्तिकेच्या आवृत्तीत प्रदीर्घ शोकाचा विकार नव्याने समाविष्ट झाला आहे आणि त्यासाठी मृत्यूनंतर प्रौढांमध्ये किमान 12 महिने, तर मुलांमध्ये 6 महिने उलटलेले असावे लागतात.

निशिगंध

वेळेच्या वाटपाबद्दल लिहिते. मूल्यमापन व निदान 16 टक्के, नैतिक व कायदेविषयक बाबी 16, उपचार 15, बोधात्मक व भावनिक पाया 13, जीवनविकास 12, सामाजिक व सांस्कृतिक पाया 11, जैविक पाया 10 आणि संशोधनपद्धती व संख्याशास्त्र 7 टक्के, अशी विभागणी आहे. हे आकडे पाहून अनेक जण संख्याशास्त्र शेवटी ठेवतात. माझ्या मते ते चुकीचे आहे, कारण संख्याशास्त्रातल्या संकल्पना समजल्याशिवाय मूल्यमापनाचे बरेचसे प्रश्न सुटत नाहीत.

आपण उल्लेख केलेली जोडीच घ्या. सेन्सिटिव्हिटी म्हणजे ज्यांना विकार आहे त्यांच्यापैकी किती जणांना चाचणीने पकडले. याउलट होकारार्थी निष्कर्षाची विश्वासार्हता म्हणजे चाचणीने ज्यांना पकडले त्यांच्यापैकी किती जणांना खरोखर विकार आहे. भागाकारात खाली कोणता गट आहे, एवढाच फरक. समजा 1000 लोकांपैकी 2 टक्क्यांना, म्हणजे 20 जणांना विकार आहे आणि चाचणीची सेन्सिटिव्हिटी व स्पेसिफिसिटी (विकार नसलेल्यांना बरोबर नकार देण्याचे प्रमाण) दोन्ही 90 टक्के आहेत. 20 पैकी 18 जण पकडले जातील, पण विकार नसलेल्या 980 पैकीही 98 जणांना चाचणी चुकून होकार देईल. एकूण 116 होकारांत खरे 18, म्हणजे जेमतेम साडेपंधरा टक्के. चाचणी चांगली असूनही निष्कर्ष एवढा कमकुवत का, याचे उत्तर विकाराच्या अल्प प्रमाणात आहे. हा हिशेब एकदा हाताने केला की सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

मापनाच्या प्रमाण त्रुटीचेही (मिळालेले गुण खऱ्या गुणांपासून किती इकडेतिकडे असू शकतात, त्या मापाचेही) तसेच करावे. प्रमाण विचलन 15 आणि विश्वसनीयता 0.91 असेल तर एकातून 0.91 वजा करून उरलेल्या 0.09 चे वर्गमूळ 0.3, आणि 15 गुणिले 0.3 म्हणजे 4.5. एखाद्याचा बुद्ध्यंक 100 आला, तर दोन्ही बाजूंना या 4.5 च्या सुमारे दुप्पट धरून 95 टक्के खात्रीने त्याचे खरे गुण साधारण 91 ते 109 या टप्प्यात असतील. विश्वसनीयता वाढली की हा टप्पा अरुंद होतो, ही दिशा लक्षात असली तर आकडेमोड न करताही बरेच पर्याय बाद करता येतात.

परीक्षार्थी

दोघांचेही मनापासून आभार. निशिगंध, एक शंका आहे. हीच चाचणी सर्वसाधारण लोकांऐवजी एखाद्या मनोरुग्णालयात वापरली, तर सेन्सिटिव्हिटीही बदललेली धरायची का?

निशिगंध

परीक्षेच्या प्रश्नात तसे सांगितलेले नसेल तर ती तशीच धरावी. बदलते ती होकारार्थी निष्कर्षाची विश्वासार्हता. 1000 पैकी 300 जणांना विकार आहे असे समजा. 270 जण बरोबर पकडले जातील, उरलेल्या 700 पैकी 70 जणांना चुकीचा होकार मिळेल, आणि 340 पैकी 270 म्हणजे सुमारे 79 टक्के होकार खरे ठरतील. चाचणी तीच, माणसे बदलली.

पाऊलवाट

वर नैतिकतेच्या विभागाला कोणी हात घातलेला नाही, म्हणून तेवढे लिहितो. गोपनीयता हे आपले व्यावसायिक कर्तव्य आहे, तर प्रिव्हिलेज हा कायद्याने अशिलाला (आपल्याकडे उपचार घेणाऱ्या व्यक्तीला) दिलेला हक्क आहे, ज्यामुळे न्यायालयीन कामात ती माहिती उघड होण्यापासून तो रोखू शकतो. हक्क अशिलाचा असल्यामुळे वकिलाकडून समन्स आले की लगेच कागदपत्रे देऊन टाकणे हे उत्तर चूक असते, आणि समन्सकडे दुर्लक्ष करणे हेही चूकच असते. अशिलाशी बोलावे, त्याची लेखी संमती नसेल तर त्याच्या वतीने प्रिव्हिलेजचा दावा करावा. न्यायाधीशाचा आदेश आला तर परिस्थिती वेगळी होते. समन्स आणि न्यायालयाचा आदेश हीदेखील एक जोडीच समजा.

टॅरासॉफ खटल्याचेही बारकाईने वाचन करावे. 1969 मध्ये बर्कली येथे शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने तातियाना टॅरासॉफ या तरुणीची हत्या केली. तिला मारण्याचा विचार त्याने आपल्या थेरपिस्टकडे आधीच बोलून दाखवला होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1974 चा निकाल इशारा देण्याच्या कर्तव्याबद्दल होता, तर 1976 च्या फेरनिकालात संरक्षणासाठी वाजवी उपाय करण्याचे व्यापक कर्तव्य मांडले गेले. ज्याला धोका आहे त्याला कळवणे हा त्या उपायांपैकी एक आहे, एकमेव नाही. पर्यायांत हे दोन्ही शब्दप्रयोग शेजारी आले तर हा फरक उपयोगी पडतो.

आपण न्यू जर्सीत मराठी समाजातच काम करणार असाल, तर दुहेरी संबंधांचा (अशिलाशी उपचारांखेरीज दुसरेही नाते असण्याचा) नियम मनापासून समजून घ्यावा. महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात अशील समोर येणे, त्याची मुले आणि आपली मुले एकाच मराठी शाळेत असणे, हे तेथे टळणार नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची संहिता प्रत्येक दुहेरी संबंधाला अनैतिक ठरवत नाही. त्या संबंधामुळे आपली वस्तुनिष्ठता किंवा क्षमता बाधित होण्याची, अथवा अशिलाचे शोषण वा नुकसान होण्याची वाजवी शक्यता आहे का, हा तिचा निकष आहे. भारतात शिकलेल्यांना कुटुंबीयांना विश्वासात घेणे स्वाभाविक वाटते, म्हणून प्रौढ अशिलाच्या आईने फोन करून विचारपूस केली, अशा स्वरूपाच्या प्रश्नात थोडे थांबावे. अशिलाची संमती नसताना तो आपल्याकडे येतो हेसुद्धा तिला सांगता येत नाही.

सहकाऱ्याकडून नियमभंग झाल्याच्या प्रश्नांत नुकसान किती मोठे आहे ते आधी पाहावे. अनौपचारिकपणे बोलून सुटण्यासारखी बाब असेल आणि त्यात कोणाची गोपनीयता भंगणार नसेल, तर प्रथम त्या सहकाऱ्याशीच बोलायचे असते. मोठे नुकसान झाले असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर पुढची पायरी गाठावी लागते. आपल्या राज्यातील कायद्याचे तपशील मात्र ईपीपीपीसाठी पाठ करत बसू नका. ते अनेक राज्ये वेगळ्या परीक्षेत विचारतात; त्याची तयारी ईपीपीपी झाल्यानंतर, आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम समोर ठेवून करावी.