२६/११ नंतर तुमच्या रोजच्या जगण्यात काय बदललं? (अनुभव धागा)

दादर_फास्ट (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात ऑफिसातल्या नव्या पोरीबरोबर मॉलमध्ये गेले होते. गेटपाशी पोचायच्या आधीच मी पर्सची चेन उघडून धरली. ती म्हणाली, "ताई, अजून मागितलीय कुठे त्यांनी?" तिचा जन्म २००४ चा. पर्स दाखवायची असते हे तिला माहीत आहे, पण आधी दाखवायची नसायची हे माहीत नाही. मग जाणवलं, मला ही सवयच लागलीय. एकदा देवळाच्या दारात पर्स उघडली, तर गुरुजींना वाटलं दक्षिणा काढतेय.

नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या हल्ल्याच्या त्या तीन दिवसांवर पुष्कळ लिहून झालंय. १६६ माणसं गेली, दहा जण समुद्रातून आले, शिवराज पाटील, विलासराव देशमुख आणि आर. आर. आबांनी राजीनामे दिले, हे सगळ्यांना पाठ आहे. इथे त्यानंतरचं लिहा. तुमच्या घरात, नोकरीत, प्रवासात काय बदललं? त्यातलं काय टिकलं, काय नुसतं दिखाऊ उरलं? "मुंबई स्पिरिट" हा शब्द वापरणाऱ्याला चहा मिळणार नाही.

खिडकीजवळची_सीट

कल्याण ते सीएसटी, आता सीएसएमटी, सव्वीस वर्षं. त्या स्टेशनात ५८ माणसं मेली. नंतर वाळूच्या गोण्यांचे मोर्चे लागले, मागे बंदूक घेऊन जवान, आणि दारांत मेटल डिटेक्टरच्या चौकटी. पहिले काही दिवस लोक खरंच रांगेने त्यातून गेले. मग चौकट कुणासाठीही वाजायला लागली. डबा वाजतो, छत्री वाजते, किल्ल्या वाजतात. सकाळी नऊच्या गर्दीत ती अखंड कुंईकुंई करत असायची आणि एकालाही कुणी थांबवत नसे. थांबवलं असतं तर मागे चेंगराचेंगरी झाली असती, हेही खरं. एक चौकट तर बरेच दिवस प्लगशिवाय उभी होती. आम्ही तरी शहाण्यासारखे तिच्यातूनच जायचो.

बदललं म्हणाल तर अनाउन्समेंट. त्या रात्री विष्णू झेंडे माइकवरून लोकांना स्टेशनबाहेर पडायला सांगत होते, म्हणून किती जीव वाचले. तोवर ती अनाउन्समेंट मी कधी कान देऊन ऐकली नव्हती. आता गाडी दोन मिनिटं उशिरा आहे हेसुद्धा पूर्ण ऐकतो.

आणि एक राहिलं. ३ डिसेंबरला गेटवेवर हजारोंची गर्दी जमली होती, मीही होतो. "आता बस्स" म्हणून घसा बसला. पाच महिन्यांत लोकसभेचं मतदान आलं. दक्षिण मुंबईत चाळीस टक्क्यांच्या आसपास झालं. मी कल्याणचा, माझं मत तिथे नव्हतं, पण ऑफिसातले मेणबत्तीवाले लाँग वीकेंडला लोणावळ्याला गेले होते एवढं आठवतंय.

नाखवा

आम्ही वर्सोव्याचे. लिहायची सवय नाही, मुलाकडून टाइप करून घेतोय.

हल्लेखोर ज्या बोटीने आले ती "कुबेर" पोरबंदरची मासेमारी बोट. तिच्यावरचे तांडेल आणि चार खलाशी, पाचही जण मारले. ते आमच्यासारखेच लोक. पण त्यानंतर जगात मासेमारी बोट म्हटलं की संशय असं झालं. बधवार पार्कला हल्लेखोर रबरी होडीतून उतरले तेव्हा त्यांना हटकलं कुणी? तिथल्या कोळ्यांनीच. हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

आधी बोट काढायची म्हणजे बर्फ, डिझेल, पाणी, शिधा, आणि खलाशी दारू न पिता आलाय ना एवढं बघायचं. नंतर ओळखपत्र आलं, बायोमेट्रिक. राज्याराज्याच्या बोटींचे रंग ठरले, नंबर ठळक रंगवायचा, बंदरातून निघताना टोकन, त्यावर किती माणसं आणि त्यांची नावं. चूक आहे असं मी म्हणत नाही. समुद्रात एकटं असताना नेव्हीची किंवा कोस्ट गार्डची बोट दिसली की आता बरंच वाटतं.

पण ठसे घेताना काय झालं ते सांगतो. आमचं अर्धं आयुष्य दोर ओढण्यात गेलंय. मिठाने आणि दोराने बोटांची कातडी गुळगुळीत होते. मशीन माझा अंगठाच घेईना. तो पोरगा मला म्हणे, काका हात धुऊन या. धुतले. परत नाही. तेल लावलं, पुसलं, करंगळीपर्यंत सगळी बोटं झाली. शेवटी डाव्या हाताचं एक बोट लागलं. माझ्या मागे रांगेत साठ-सत्तर माणसं, सगळ्यांचे हात तसलेच. त्या दिवशी आमच्या आळीत कुणाचीच बोट गेली नाही.

खलाशांचं आणखी कठीण. हल्ली खलाशी नेपाळचे, यूपीचे, झारखंडचे. कुणाकडे कागद आहेत, कुणाकडे नाहीत. एका माणसाचा कागद कमी पडला की बोट किनाऱ्यावर. भरतीची वेळ काय कागदासाठी थांबते?

"सागर कवच" म्हणून सराव होतो. पोलिसांतलेच लोक घुसखोर बनून किनाऱ्यावर यायचा प्रयत्न करतात. एकदा माझ्या चुलत्याने अनोळखी माणसं बघून १०९३ ला फोन लावला. ती सरावाचीच निघाली. साहेबाने पाठ थोपटली. चुलता अजून लग्नाकार्यात ती गोष्ट सांगतो.

खाकीचं_पोर

बाबा मुंबई पोलिसात हवालदार होते. २००८ पर्यंत आईची काळजी म्हणजे गणपतीच्या बंदोबस्तात पाय सुजतात, जेवण वेळेवर होत नाही. गोळी लागेल हा विचार आमच्या घरात नव्हताच. करकरे, कामटे, साळसकर हे मोठे अधिकारी, त्यांच्याबद्दल घरात हळहळ होती. पण आई हादरली ती तुकाराम ओंबळेंमुळे. हातात लाठी, आणि समोरच्याच्या एके-४७ ची नळी धरून ठेवली. ती म्हणाली, "हे तुमच्याच वयाचे हो." त्यानंतर दोन-तीन वर्षं बाबा नाकाबंदीला गेले की ती फोन उशाशी घेऊन झोपायची. त्याआधी तिला मोबाइल नकोच होता.

एनएसजी, म्हणजे केंद्राचे कमांडो, तेव्हा दिल्लीजवळच्या मानेसरहून निघाली, मुंबईत पोचून कामाला लागेपर्यंत उजाडलं. म्हणून २००९ मध्ये मुंबईतच त्यांचं केंद्र आलं, राज्याने "फोर्स वन" ही स्वतःची कमांडो तुकडी उभारली, ठाण्यांना नवी शस्त्रं आली, २०१६ पासून शहरभर हजारो कॅमेरे. बाबांना कॅमेऱ्यांचं कौतुक होतं. म्हणायचे, चोर तरी सापडतो. मात्र त्यांची स्वतःची ड्यूटी बारा तासांवरून खाली आलेली मी तरी बरीच वर्षं पाहिली नाही. गिरगाव चौपाटीवर ओंबळेंचा पुतळा आहे. निवृत्तीच्या दिवशी बाबा घरी यायच्या आधी तिथे जाऊन आले. आम्हाला हे त्यांच्या ड्रायव्हर मित्राकडून कळलं.

बिल्डिंगचा_सेक्रेटरी

छोटासा अनुभव. २००९ मध्ये सोसायटीत ठराव झाला, येणाऱ्याजाणाऱ्याची वहीत नोंद. नाव, फोन, कुणाकडे, वेळ. दोन वर्षांनी वही चाळली तर सचिन तेंडुलकर आमच्याकडे अकरा वेळा येऊन गेला होता, त्यातले तीनदा गॅस सिलिंडर घेऊन. वॉचमनला विचारलं तर म्हणाला, साहेब, मला मराठी वाचता येत नाही.

राजापूरची_पोर

लिहू की नको असं चाललं होतं. आम्ही कोकणी मुसलमान, घरात बोलणं कोकणी-मराठी. त्या वर्षी बकरी ईद हल्ल्यानंतर दोन आठवड्यांनी आली. अब्बा दंडाला काळी फीत लावून नमाजाला गेले, बाकीचेही तसेच. मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा द्यायची नाही असं ट्रस्टने जाहीर केलं, तेव्हा आमच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी मोठ्याने "बरं केलं" म्हणालं. ती प्रेतं तशीच जेजे रुग्णालयाच्या शवागारात वर्षभराहून जास्त पडून होती.

पण घर शोधताना फीत कुणाला दिसत नाही. २०११ ला नोकरीसाठी पुण्यात गेले. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश. "मॅडम, कोकणातल्या का? मालक पण तिकडचेच!" नाव सांगितलं की पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग खोली "कालच गेली". अशा सात खोल्या "कालच गेल्या". आठव्या घराच्या मालकीणबाई, वय सत्तरच्या वर, म्हणाल्या, "पोलिसात भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती तर मी जोश्यांचीही दिली होती. तू मासे घरात करणार का तेवढं सांग." करणार म्हटलं. म्हणाल्या, खिडकी उघडी ठेव. चार वर्षं राहिले.

स्पष्टवक्ता६२

@राजापूरची_पोर, सहानुभूती आहे, पण हे २६/११ मुळे नाही. घरं नाकारणं त्याआधीही होतं, ९२-९३ च्या दंगलींनंतर तर सर्रास.

राजापूरची_पोर

हो, होतं. आधी कारण सांगायला लाजायचे, "आमच्याकडे शाकाहारी" वगैरे. नंतर "सिक्युरिटीचा प्रश्न आहे हो, समजून घ्या" असं म्हणता यायला लागलं. बदल एवढाच.

काळा_कोट

वकिली ठाण्यात. लोकांना बॅगा आणि कॅमेरे दिसतात, आम्हाला कायदा दिसतो. हल्ल्यानंतर लगेच, डिसेंबर २००८ मध्येच एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायदा झाला आणि यूएपीएमध्ये, म्हणजे बेकायदेशीर कारवाया प्रतिबंधक कायद्यात, दुरुस्ती झाली. आरोपपत्राशिवाय कोठडीची मुदत १८० दिवसांपर्यंत नेता येऊ लागली, आणि ४३ड(५) मुळे आरोप वरकरणी खरे वाटले तरी जामीन बंद. त्या वातावरणात विरोधाला फार कुणी उभं राहिलं नाही, मीही नाही. पुढे एका पक्षकाराच्या आईला "जामीन का नाही" हे समजावताना माझी पंधरा मिनिटं गेली आणि शेवटी तिने विचारलं, "म्हणजे खटला व्हायच्या आधीच शिक्षा का?"

उलट बाजूही सांगतो. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही असे ठराव झाले होते. तरी त्याला वकील मिळाला, खटला चालला, अपिलं सुप्रीम कोर्टापर्यंत गेली, मग २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी. त्याच खटल्यातले दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, आणि ती सुटका वरच्या कोर्टांतही टिकली. एवढ्या रागाच्या काळात हे झालं, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

टेम्सकाठ

माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) तेव्हा काढलं नव्हतं. हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीच्या भारतवाऱ्या उघड झाल्यावर २००९ च्या अखेरीस टूरिस्ट व्हिसावर दोन भेटींमध्ये दोन महिन्यांचं अंतर सक्तीचं झालं. आई ठाण्यात आजारी. भेटून परतले आणि तीन आठवड्यांत ती पुन्हा अ‍ॅडमिट. खास परवानगीसाठी वकिलातीत रांग लावली, मिळाली, पण चार दिवस गेले त्यात. आई सापडली मला, बोलली पण. नंतर २०१२ मध्ये तो नियम बहुतेकांसाठी काढला.

रिमोट_माझ्याकडे

नरिमन हाउसवर कमांडो उतरताना आम्ही सोफ्यावर बसून पाहिले, चहा पीत. पलीकडे पाकिस्तानात हल्ल्याचे सूत्रधारही तेच चॅनेल पाहत होते, हे नंतर कळलं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये चॅनेलांना झापलं, २०१५ मध्ये अशा कारवाईचं थेट प्रक्षेपण करायचं नाही असा नियमच आला. एप्रिल २०२५ ला पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारने पुन्हा तीच आठवण दिली. तोवर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आलेला. आमच्या फॅमिली ग्रुपवर त्या आठवड्यात लष्करी गाड्यांचे व्हिडिओ कोण टाकत होतं सांगू? माझे सासरे, निवृत्त शिक्षक. मी डिलीट करा म्हटलं तर तीन दिवस अबोला.

दादर_फास्ट (धागाकर्ती)

एवढं येईल असं वाटलं नव्हतं. माझ्या भाचीच्या शाळेत २६ नोव्हेंबरला संविधानाची उद्देशिका म्हणवून घेतात, तिच्यासाठी ती तारीख तेवढीच आहे. सांगावं का, कधी, हे ताईला कळत नाहीये.

@नाखवा काका, ते कार्ड अजून वापरात आहे का?

नाखवा

आहे. प्लास्टिकच्या पिशवीत घालून केबिनमध्ये, खंडोबाच्या फोटोमागे. मागच्या वेळी तपासणीला आलेला पोरगा फोटो बघून म्हणाला, हा तुम्ही नाही. मी म्हटलं, मीच, फक्त केस होते तेव्हा. पहाटे निघायचंय, टोकन काढून ठेवलंय. काही विचारायचं असेल तर आठवड्याने.