मेडिकलात कॅमेरे लावून पोरं नशेतून सुटतील का?

सडाफटिंग: आमच्या जिल्ह्यात शेड्यूल एच, एच-१ आणि एक्सची (म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणारी) औषधं विकणाऱ्या मेडिकलांना सीसीटीव्ही सक्तीचे केलेत. मला पटलं. शेजारचा अकरावीतला मुलगा जिमसाठी मेफेंटरमाइन टोचून घेत होता. ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर द्यायचं औषध ते! छाती धडधडली की पोरांना वाटतं ताकद आली. चिठ्ठीशिवाय ते हातात पडलंच कसं?

गल्ल्यावरून: माझ्या दुकानातून नाही. मी ते ठेवतच नाही. पोरं ऑनलाइन मागवतात, आता कुरिअरवाल्याच्या पिशवीत कुठला कॅमेरा लावणार? आम्हाला २०१४ पासून एच-१चं रजिस्टर आहे. पेशंट, डॉक्टर, औषध, किती दिलं, सगळं लिहायचं आणि तीन वर्षं जपायचं. चिठ्ठी मागितली की सभ्य माणसंच भांडतात, "इतकी वर्षं येतोय, ओळखत नाही का?"

सडाफटिंग: रजिस्टरचं कौतुक राहू द्या. मालेगावात पोरं अल्प्राझोलम ही झोप आणणारी गोळी नशेसाठी घेतात, तिला 'कुत्ता गोळी' नाव पडलं, तिथे रजिस्टर नव्हतं?

गल्ल्यावरून: आमच्यातही हरामखोर आहेत, मान्य. त्यांचं लायसन्स घालवा की. सरसकट सगळ्यांना चोर का ठरवता?

रात्रपाळी: भांडा तुम्ही. माझ्या मुलीला हीच गोळी सापडली आजीच्या डब्यात. बारावीच्या प्रिलिमला झोप येईना म्हणून आधी अर्धी, मग रोज एक. मी स्वतः नर्स, तरी दोन महिने पत्ता नाही! स्ट्रिप लवकर संपते म्हणून आम्ही सासूबाईंच्या विसराळूपणाला हसत होतो. कळलं तेव्हा नवरा गोळ्या फेकायलाच निघाला, त्याला अडवलं. रोजची सवय झालेली अल्प्राझोलम एकदम तोडली तर फिट येऊ शकते. डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केली. आता डब्याला कुलूप, गोळ्या मोजून.

सडाफटिंग: म्हणजे घरातच पोलीस चौकी. मुलीशी बोललात का?

रात्रपाळी: बोलले, रडलेही. १४४४६ वर फोन केला (केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन, पैसे पडत नाहीत). पण बोललं म्हणून डबा उघडा टाकायचा?

गल्ल्यावरून: ताई, एक विचारू? आजींची चिठ्ठी कधीची होती?

रात्रपाळी: दोन वर्षांपूर्वीची. मीच आणायचे. मेडिकलवाले ओळखीचे.