पेट्रोल सोडून इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या मराठवाड्यातल्या मंडळींनो, अनुभव सांगा

आमची पेट्रोलची गाडी बारा वर्षांची झाली. शाळेसाठी रोज परभणी ते जिंतूर जाऊन-येऊन 90 किलोमीटर होतात. इलेक्ट्रिक घ्यायचं जवळपास ठरलंय. पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ भरपूर पाहिले, पण तिथली लाईट वेगळी, रस्ते वेगळे. आपल्याकडे काय अडचणी येतात ते ज्यांनी सोसलंय त्यांनी लिहा. लहानसहान गोष्टही चालेल.

जालना

सर, गाडीच्या आधी घराची अर्थिंग (गळणारा करंट जमिनीत नेणारी वायर) बघा. माझी गाडी 24 युनिट बॅटरीची आहे. घरच्या 15 अँपियरच्या प्लगवर रिकामी बॅटरी भरायला आठ-नऊ तास लागतात. म्हणजे रात्री लावायची, सकाळी काढायची. पहिले पाच महिने काहीच त्रास नव्हता. एप्रिल लागला आणि चार्जरच्या डबीवर लाल दिवा यायला लागला. शोरूमवाल्यांनी चार्जरच बदलायला सांगितला, तो बदलला तरी लाल दिवा तसाच.

शेवटी गल्लीतल्या वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी 100 वॉटचा साधा बल्ब होल्डरला लावला आणि एक वायर फेजला, दुसरी अर्थिंगला धरली. बल्ब नुसता लालसर झाला, विझत्या निखाऱ्यासारखा. न्यूट्रलला लावला तर लख्ख. मामा म्हणाले, "गाडी चांगली आहे, तुमची जमीन वाळली." आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. माती पाईपपासून सुटते आणि अर्थिंग नावालाच उरते. पंखा, फ्रिज तरीही चालतात, म्हणून वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र अर्थिंग तपासल्याशिवाय करंट घेत नाही. तो अडतो ते आपल्याच जिवासाठी.

मग दहा फुटांचा नवा खड्डा घेतला, पाईप, कोळसा, मीठ टाकलं. मार्च ते जून दर आठ दिवसांनी त्यात दोन बादल्या पाणी ओततो. तेव्हापासून लाल दिवा नाही. आणखी एक, जुन्या बोर्डावर गाडी लावू नका. आमचं सॉकेट एका रात्रीत काळं पडलं होतं, जळका वास आला म्हणून वाचलो. मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा खटका) घ्या. मीटरचा वीज कंपनीकडून मंजूर भार कमी असेल तर तोही आधी वाढवून घ्या.

अंबाजोगाई

गावात फिरायला या गाडीसारखं सुख नाही. लांबच्या प्रवासाचं मात्र खरं सांगतो. माझ्या 30 युनिटच्या गाडीची कंपनीने सांगितलेली रेंज, म्हणजे एका चार्जिंगमधलं अंतर, 312 किमी होती. हायवेवर एसी लावून 200 धरा, 312 वर विसंबू नका.

मागच्या मे महिन्यात संभाजीनगरहून आईला दवाखान्यात दाखवून परत येत होतो. बीडच्या अलीकडे एका हॉटेलवर फास्ट चार्जर होता, अ‍ॅपमध्ये हिरवा दिसत होता. पोचलो तर त्या भागाची लाईट गेलेली. बॅटरीत 19 टक्के, पुढे मांजरसुंब्याचा घाट चढायचा आणि गाडीत सत्तरीची आई. हॉटेलच्या मालकांनी आईला आत कूलरपाशी खाट टाकून दिली. दीड तासाने लाईट आली. त्या दिवसापासून नियम केला: चार्जरवर पोचताना बॅटरीत एवढी शिल्लक हवी की तो बंद निघाला तरी पुढच्यापर्यंत जाता यावं. निघायच्या आधी हॉटेलला फोन करून लाईट आहे का ते विचारतो. अ‍ॅपपेक्षा वेटरचं ऐका.

संभाजीनगर

समृद्धी महामार्गावर 120 ने पळवली की टक्के डोळ्यांदेखत उतरतात. त्याच रस्त्यावर 85-90 ने चालवा, फरक लगेच दिसेल. कन्नडचा घाट उतरताना मात्र बॅटरी थोडी भरते, ब्रेकही कमी झिजतात.

हिंगोली जिल्हा, शेतकरी

आमच्याकडं रात्री होल्टेज पडतंय. सगळ्यांच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारी चालू झाल्या की 170 वर येतंय, मग चार्जिंग आपोआप बंद. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाली तर चार-चार दिवस अंधार. मी सूर्यघर योजनेतून छतावर 3 किलोवॉट सोलर बसवलं, 78 हजार अनुदान मिळालं. उन्हाच्या दिवसात रोज 12 युनिटच्या आसपास वीज तयार होते. माझी गाडी दुपारी घरीच असते म्हणून मला जमलं. सरांची गाडी दिवसा शाळेत राहणार, त्यांनी हा हिशेब नीट करावा.

नांदेड

बहिणीच्या लग्नासाठी दहा दिवस गावी होतो. परत आलो तर गाडीचं दारही उघडेना. मोठी बॅटरी 70 टक्के भरलेली, पण साधी 12 व्होल्टची छोटी बॅटरी बसली होती. ती मेली की गाडी चालूच होत नाही. ओळखीचे मिस्त्री हात लावायला तयार नव्हते, इलेक्ट्रिक म्हटलं की घाबरतात. शेवटी शेजारच्या काकांच्या गाडीवरून केबल जोडून चालू केली. हाताने दार उघडायची किल्ली कुठे लपवलेली असते ते घेतानाच विचारून ठेवा.

लातूर

बिलाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. महिन्याला 1200 किमी चालते, 180 च्या आसपास युनिट लागतात. घरचं आणि गाडीचं मिळून वापर 300 च्या वर गेला की वरचे युनिट महाग दराने लागतात. तरीही पेट्रोलपेक्षा बरंच कमी. पण "एक रुपयात किलोमीटर" ऐकून हिशेब मांडू नका, स्वतःचं बिल समोर ठेवून मांडा.

परभणी (धागा काढणारा)

सगळ्यांचे मनापासून आभार. जालन्याच्या दादांचं वाचून काल वायरमनला बोलावलं. आमचाही बल्ब लालसरच पेटला. एकोणीस वर्षं या घरात राहतोय, घरात लहान नात आहे आणि गीझरही याच अर्थिंगवर चालतो. गाडीचं बुकिंग थांबवलंय. खड्डा खणायला माणसं शनिवारी येतायत.