आईचं कॅल्शियम वाढलंय, पण स्कॅनमध्ये गाठच दिसत नाही. ऑपरेशन करावं का? (नाशिक)

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतीच वाचक होते, धागा पहिल्यांदा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आई 61 वर्षांची, आम्ही इंदिरानगरला राहतो. तीन वर्षांत दोनदा मुतखडा झाला. अंगदुखी तर कायमचीच. अलीकडे भाकरी थापता थापता मध्येच ओट्याला टेकून उभी राहते, तवा तापलेला तसाच. आम्ही सगळे ‘वय झालं’ म्हणत होतो. हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि ड जीवनसत्त्वाची साठ हजारवाली पुडी दिली होती, ती तिने इमानेइतबारे घेतली.

दुसऱ्या खड्यानंतर मूत्रविकारतज्ज्ञांनी रक्त तपासायला सांगितलं. कॅल्शियम 11.4 (लॅबची वरची मर्यादा 10.2) आणि पीटीएच, म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक, 142 (वरची मर्यादा 65). घरी येऊन जुनी फाईल काढली, सगळे कागद फरशीवर पसरले. 2021 च्या रिपोर्टात कॅल्शियम 10.9, शेजारी बारीकसा ‘एच’, म्हणजे ‘हाय’, जास्त. 2023 मध्ये 11.1, पुन्हा तोच ‘एच’. कोणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नाही, आणि फाईल मीच लावते.

निदान प्रायमरी हायपरपॅराथायरॉइडिझम. थायरॉइडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात, त्यातली एखादी माजते आणि हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात सोडते, असं डॉक्टरांनी सांगितलं. (मावशीने नुसतं ‘थायरॉइड’ ऐकलं आणि कोबी बंद करायला लावला. तो आता चालू आहे.)

खरी अडचण पुढे आहे. सोनोग्राफी झाली, सेस्टामिबी स्कॅन (किरणोत्सर्गी औषध टोचून गाठ शोधतात तो) झाला, दोन्हीत काहीच नाही. तरी सर्जन म्हणतात ऑपरेशन करू. दादा म्हणतो, “गाठ सापडलीच नाही तर हे काढणार काय?” मला त्याचं पटतंय आणि नाहीही. ऑपरेशनच्या टेबलावरच रक्त तपासतात आणि कसल्याशा कॅमेऱ्यात ग्रंथी चमकतात, असं वाचलंय. ते खरंच कामाचं असतं, की नुसतं बिल वाढवायला? नाशिकमध्येच करावं की मुंबई-पुणे गाठावं? कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

– गोदाकाठची

---

जुनाखडा: ताई, मी गेलोय यातून. माझाही स्कॅन कोरा होता. दादाला एवढंच सांगा, की रोग ठरतो रक्तावरून. गळा कुठून उघडायचा, एवढंच स्कॅन सांगतो. अमेरिकेतल्या एंडोक्राइन सर्जनांच्या संघटनेच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे: स्कॅन निदानासाठी नाही, आणि तो कोरा आला तर पेशंटला अनुभवी सर्जनकडे पाठवा. स्कॅनमध्ये जागा दिसली तर बारीक चिरेतून एकच ग्रंथी काढतात. नाही दिसली तर चारही ग्रंथी शोधून बघतात. माझ्या वेळी तसंच केलं.

आता टेबलावरच्या रक्ताचं. पीटीएच रक्तातून फार भरभर उतरतं, काही मिनिटांतच निम्मं होतं. म्हणून ग्रंथी काढायच्या आधी एक नमुना घेतात आणि काढल्यावर दहा मिनिटांनी दुसरा. पातळी निम्म्याहून खाली आली तर बहुतेक वेळा काम फत्ते, नाही आली तर अजून एखादी बिघडलेली ग्रंथी आत आहे असं धरून शोध चालू ठेवतात. स्कॅन कोरा असताना मला तरी याच गोष्टीचा मोठा आधार वाटला.

हिरवाचिवडा: दूध, दही, नाचणी सगळं बंद करा. कॅल्शियम वाढलंय ना, मग खायचंच कशाला? आमच्याकडे एकांना गुण आला.

सूक्ष्मदर्शक: वरचा सल्ला कृपया पाळू नका. आहारातलं कॅल्शियम फार कमी केलं की ती ग्रंथी आणखी चेकाळू शकते. नेहमीचं जेवण ठेवा, पाणी भरपूर. फक्त वेगळ्या कॅल्शियमच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा.

मी लॅबमध्ये काम करते, म्हणून दोन-तीन गोष्टी. 24 तासांच्या लघवीतलं कॅल्शियम झालंय का? एका आनुवंशिक प्रकारातही रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं असतं, पण लघवीत फार कमी उतरतं, आणि त्यात ऑपरेशनचा उपयोग नसतो. आई केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेतात का? काही यंत्रांवर त्यामुळे पीटीएचचा आकडा चुकतो. आणि हाडांचं डेक्सा (घनतेची तपासणी) करताना हाताच्या पुढच्या भागाचंही करून घ्या. बऱ्याच ठिकाणी नुसती कंबर आणि खुबा करून सोडतात. या आजारात मनगटाच्या वरचं हाड आधी झिजतं.

चमकणाऱ्या ग्रंथींचं खरं आहे. अदृश्य इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश टाकला की पॅराथायरॉइड आपोआप उजळते, रंग टोचावा लागत नाही. अमेरिकेतल्या वँडरबिल्ट विद्यापीठात हे लक्षात आलं, आणि 2018 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने अशा दोन उपकरणांना परवानगी दिली. पण ‘ही पॅराथायरॉइड आहे’ एवढंच कॅमेरा सांगतो. ‘हीच बिघडलेली’ हे नाही सांगत. चरबी, लसीकेची गाठ आणि ग्रंथी यांत गोंधळ होऊ नये, म्हणून ती मदत. तो नाही म्हणून सर्जन बदलू नका. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता, हे मात्र जरूर विचारा. चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

सर्वज्ञनाही: थोडं अवांतर. व्हिएन्नात 1925 मध्ये फेलिक्स मांडलने पॅराथायरॉइडची गाठ काढली, तो पेशंट ट्रामचा कंडक्टर होता, हाडं पार ठिसूळ झालेली. आधी सगळ्यांना वाटलं ग्रंथी कमी पडतेय, म्हणून त्याला वरून ग्रंथीचा अर्क दिला, दुसऱ्याच्या ग्रंथीचं रोपणही केलं. नेमकं उलटं! तुमच्या आईंच्या कॅल्शियमच्या गोळ्यांवरून आठवलं. तेव्हा शंभर वर्षांपूर्वीचे डॉक्टरही फसले होते, तुम्ही फाईलचं मनाला लावून घेऊ नका.

---

गोदाकाठची: सगळ्यांचे आभार. सूक्ष्मदर्शकताई, तुमचं वाचून लगेच विचारलं. लघवीतलं कॅल्शियम झालंच नव्हतं. दोन दिवसांपूर्वी पाच लिटरचा कॅन घरात आला, आणि आईने तो बाथरूममध्ये टॉवेलखाली लपवून ठेवला, पाहुणे येतील म्हणून. रिपोर्ट आला, कॅल्शियम कमी नाही, उलट जास्तच आहे. म्हणजे तो आनुवंशिक प्रकार नाही. हाताचं डेक्सा केलं, टी-स्कोअर उणे 2.9, म्हणजे हाड ठिसूळ झालंय, कंबरेचा मात्र बरा आहे. बायोटिन घेत नाही.

सर्जनना किती ऑपरेशनं करता तेही विचारलं, जीव मुठीत धरून. ते हसले आणि म्हणाले, थायरॉइडची खूप, याची वर्षाला चार-पाच. टेबलावर पीटीएच करायची सोय इथे नाही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि मुंबईत हेच काम रोज करणाऱ्यांकडे चिठ्ठी दिली. आवडले मला. तिकडे बोलणं झालं. आधी कोलीनचा पेट स्कॅन (हाही औषध टोचूनच, पण वेगळ्या प्रकारचा) करून बघू म्हणतात, सेस्टामिबीत न दिसलेली गाठ त्यात बरेचदा दिसते. नाहीच दिसली तर चारही ग्रंथी बघायच्या. दादा तयार झालाय.

आता एकच शंका. सगळं नीट झालं तर दोन दिवसांनी सोडतील. पंचवटी एक्सप्रेसने संध्याकाळी परत आणलं तर झेपेल का, की गाडी करावी?

जुनाखडा: मी पंचवटीनेच आलो होतो, बसून, खिडकीशी. पण कॅल्शियमच्या गोळ्या हाताशी ठेवा, पिशवीत तळाला नको. ऑपरेशननंतर उपाशी हाडं रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढून घेतात, ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येतात. मला कसारा घाटात आल्या. किती गोळ्या, कधी घ्यायच्या, हे घरी सोडतानाच लिहून घ्या. मुंग्या वाढल्या किंवा हातपाय आखडले तर वाट न बघता फोन करा.

गोदाकाठची: आईला वाचून दाखवलं. म्हणाली, “म्हणजे बंद केलेली गोळी परत चालू? मग ती डबी फेकून देऊ नकोस.”