'विक्रम' कुठे पाहिलात? अनुभव लिहा

३ जून २०२२ ला 'विक्रम' हा तमिळ सिनेमा आला, त्याच दिवशी 'सम्राट पृथ्वीराज' आणि 'मेजर'ही लागले. कमल हासन, विजय सेतुपती आणि फहाद फासिल एकाच सिनेमात, तरी आमच्या भागात त्याला शो मिळाला तो आडवेळेचा आणि सगळ्यात लहान स्क्रीनवर. तिकडे तमिळनाडूत पहाटे चारचे खेळ चालू होते. चेन्नईत पाहिलेला माणूस आणि पुण्यात पाहिलेला माणूस एकमेकांशी बोलायला लागले की दोघांनी निरनिराळे सिनेमे पाहिलेत की काय, अशी शंका येते. म्हणून हा धागा.

परीक्षणं नकोत, ती ढिगाने आहेत. कुठे पाहिलात, सोबत कोण होतं, भाषा कळत होती का, हॉलमध्ये काय चाललं होतं, ते लिहा. रहस्यभेद होणार, तेव्हा न पाहिलेल्यांनी आपापल्या जबाबदारीवर वाचा.

पेरुंगुडीकर
नोकरीनिमित्त चेन्नईत होतो. ऑफिसातल्या पोरांनी माझंही तिकीट काढलं होतं. पहाटे चारला थेटराबाहेर ढोल, फटाके, कटआउटला हार. आत कमलच्या नावाची पाटी आली आणि पुढची काही मिनिटं पडदा दिसलाच नाही. कागदाचे कपटे उडत होते आणि पुढच्या रांगा खुर्च्यांवर उभ्या होत्या. मला तमिळ कामापुरतं येतं, रिक्षावाल्याशी भांडण्याइतपत. 'पत्तल पत्तल' कमलने स्वतः लिहिलंय आणि गायलंय, तेही अस्सल मद्रासी गल्लीच्या बोलीत. त्यातलं मला अर्धंही कळलं नाही, पण आजूबाजूला सगळा हॉल गात होता.

खरी गंमत त्यानंतर. ज्याच्यासाठी लोक रात्रभर जागले, तो नायक पूर्वार्धात जवळजवळ नाहीच. कर्णन नावाच्या माणसाचा खून झालाय आणि फहादचा अमर त्याची चौकशी करत फिरतो. कोणी म्हणतं दारुडा होता, कोणी म्हणतं बाईलवेडा. चार वर्षांनी कमलचा सिनेमा आलाय ('विश्वरूपम २' २०१८ चा) आणि दिग्दर्शक त्याला लपवून ठेवतो! पब्लिक चिडेल असं मला वाटलं होतं. उलट ते दबा धरून बसले. मध्यंतराला मुखवटा उतरला, आत तोच कर्णन, म्हणजे कमलचा विक्रम, जिवंत! मागे संगीतकार अनिरुद्धचं 'नायगन मीण्डुम वरार' सुरू झालं, तेव्हा शेजारच्या अनोळखी काकांनी माझा दंड धरला आणि मध्यंतर संपेपर्यंत सोडला नाही.

शेवटी सूर्या येतो, रोलेक्स नावाचा खलनायक होऊन. तो आहे हे आधीच जाहीर होतं, तरी त्याचा एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ. संवाद काय होते ते नंतर फोनवर पाहिलं.

कोथरूडची कुंदा
आम्ही हिंदी डब पाहिला, मी आणि लेक. हॉल रिकामाच म्हणायचा. तुमचा तो रोलेक्स आला तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. लेक कानात म्हणाला, "आई, हा 'जय भीम'वाला," तेव्हा कुठे मला चेहरा लागला. दणका म्हणून काही बसला नाही.

पण टिना! कर्णनच्या घरात ती कामवाली बाई चहापाणी करत, आवराआवर करत सतत वावरत असते आणि मी तिच्याकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. गुंड घरात शिरतात आणि कळतं की ही एजंट आहे. पदर खोचून हातात सापडेल त्याने लढते. ती वसंती, वर्षानुवर्षं गाण्यांत मागच्या रांगेत नाचली, नृत्यदिग्दर्शनात सहायक राहिली. म्हणून हातपाय असे चालतात. कमलपेक्षा तीच लक्षात राहिली. आमच्या हॉलमध्ये टाळी पडली ती तिथेच.

आगाऊ आत्या
मला नाही आवडला. अमरच्या बायकोचं मुंडकं उडवायचं, ते केवळ त्याला पेटून उठता यावं म्हणून. तिचं स्वतःचं काही नाही. वर गोळ्या किती, तोफसुद्धा! बाहेर आले तेव्हा कान वाजत होते.

पेरुंगुडीकर
आत्या, बायकोचं मान्य. तिथे आमचा हॉलही गप्प होता. तोफेबद्दल मात्र माफी नाही. :)

सोलापुरी
आमच्याकडे लागलाच नाही. ८ जुलैला हॉटस्टारवर आला तेव्हा रात्री हेडफोन लावून तमिळमध्ये, सबटायटल्ससह पाहिला. पब्लिक नव्हतं ते बरंच झालं असं मी म्हणेन. विक्रमच्या नातवाचं हृदय नाजूक आहे, मोठा आवाज त्याला सोसत नाही. म्हणजे एवढ्या गोंगाटी सिनेमात नायकाला सगळ्यात जास्त जपायचंय ते आवाजापासून. बाळ जवळ असलं की गोळीबारातही तुमचं लक्ष त्याच्या कानांकडे जातं. अन्बरीव जोडीची मारामारी, गिरीश गंगाधरनचा कॅमेरा यांवर सगळे बोलतात, पण माझ्या मते सिनेमा या बाळावर उभा आहे. शिट्ट्यांमध्ये हे तुम्हाला ऐकू आलं का?

एडिसनची वैदेही
न्यू जर्सीत शेजारच्या मामींबरोबर गेले. साठीच्या मामी, कांजीवरम नेसून. त्यांनी १९८६ चा 'विक्रम'ही पाहिलेला, तोही कमलचाच. त्यात डिंपल आणि चक्क अमजद खान आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. इळैयाराजांचं ते जुनं शीर्षकगीत मामी गाडीत जाताना आणि येताना अखंड म्हणत होत्या. मारामारीत त्या शांतपणे मुरुक्कू खात होत्या.

नवखा_प्रेक्षक
हे सगळं वाचून आता बघणार. अजय देवगणचा 'भोला' पाहिलाय, मग तो ज्याचा रिमेक आहे तो तमिळ 'कैदी' वगळला तर चालेल?

सोलापुरी
नाही चालणार. 'विक्रम'च्या आदल्या दिवशी दोन्हींचा दिग्दर्शक लोकेश कनगराज याने खुद्द लोकांना सांगितलं होतं की 'कैदी' परत बघून या. त्यातला पोलिस बिजॉय इथे आहे आणि शेवटी रोलेक्ससमोर जे उभे असतात त्यांतले अडैक्कलम आणि अन्बु तिथलेच. शिवाय 'कैदी' एका रात्रीची गोष्ट आहे, ना गाणी ना नायिका. २०१९ च्या दिवाळीत विजयच्या 'बिगिल'समोर लागूनही चालला. 'भोला'त गाणी घुसडलीत. आज रात्री 'कैदी', उद्या 'विक्रम', आणि टिनापर्यंत पोहोचलात की इथे येऊन लिहा.